फोटो राहू द्या, गौरीअम्मांची फाईल काढा

११ मे २०२१ ला तिरुवनंतपुरमला के. आर. गौरीअम्मा गेल्या. वय वर्षं १०१. देशातल्या पहिल्या निवडून आलेल्या कम्युनिस्ट राज्य सरकारात एकटी बाई मंत्री होती, ती ही. ज्या पक्षाने १९९४ साली त्यांना दाराबाहेर काढलं, त्याच पक्षाचे पुढारी श्रद्धांजलीच्या भाषणांत ‘पोलादी बाई’, ‘जमीन सुधारणांची जननी’ म्हणाले. मेलेल्या माणसाला खुर्ची मागता येत नाही, म्हणून त्याचं कौतुक स्वस्तात पडतं.

आता दोस्तांनो, आपल्याकडचं बघा. गौरीअम्मांचं नाव निघालं की आपल्या पोरांत दोन तट पडतात. एक तट म्हणतो, कम्युनिस्ट म्हंजे बामणांचाच माल, त्यांच्या बाईशी आपलं काय देणंघेणं? दुसरा तट लाल-निळ्या एकीच्या भरात फोटो उचलतो, बाबासाहेब आणि सावित्रीमाईंच्या शेजारी लावतो आणि मोकळा होतो. पहिल्याने वाचायचं टाळलं. दुसऱ्यानेही टाळलंच, फक्त हार घालून टाळलं.

मला दोघांशीही भांडायचं आहे. या बाईच्या आयुष्यात आपल्या कामाचे दोन सवाल आहेत, आणि दोन्ही आजही उघडे आहेत. ‘कसेल त्याची जमीन’ म्हणताना कसणारा म्हणून कोणाला मोजलं? आणि लढ्यात पुढे असलेल्या माणसाला निकालाच्या दिवशी खुर्ची का नाही? या दोन सवालांसाठी गौरीअम्मांची फाईल उघडायची.

सुरुवात जातीपासून करू. लाल पुस्तकात ती शेवटच्या पानावर असते.

गौरीअम्मांचा जन्म १४ जुलै १९१९ चा. गाव चेर्तलाजवळचं पट्टणक्काड, आलप्पुळ्ळाच्या समुद्रपट्टीतलं. जात इझवा. माडाची ताडी काढायची, काथ्या वळायचा, कुणाचं तरी कूळ म्हणून राबायचं, हा त्या जातीचा पिढीजात धंदा. आपल्या कोकणातल्या भंडाऱ्यांसारखा माडाशी बांधलेला समाज, पण विटाळ मात्र आपल्यासारखा. नंबुद्री बामण, नायर यांच्यापासून हात मोजून लांब उभं राहायचं. देवळाच्या रस्त्यावर पाय टाकायचा नाही. वायकोमचा सत्याग्रह १९२४-२५ चा, तो रस्त्यासाठीच होता. त्रावणकोरची सरकारी देवळं उघडली ती १९३६ च्या नोव्हेंबरात, गौरी सतरा वर्षांच्या झाल्यावर.

पण इझव्यांच्याही खाली माणसं होती. पुलया आणि परया. भातखाचरात कमरेइतक्या चिखलात उभं राहून पीक काढणारी. त्यांची एके काळी जमिनीबरोबर विक्री व्हायची. त्यांना कूळ होण्याचाही मान नव्हता. ही पायरी नीट ध्यानात ठेवा, पुढे कायद्यापाशी पोचल्यावर ती लागणार आहे.

या दोन्ही थरांत मार्क्सचं नाव ऐकू येण्याआधी माणसं उठली होती. इझव्यांत नारायण गुरू. बामणाला न विचारता १८८८ साली त्यांनी अरुविप्पुरमला शिवाची स्थापना केली. पुलयांत अय्यनकाळी. १८९३ साली बंदी असलेल्या सडकेवरून त्यांनी बैलगाडी हाकली, आणि आमची लेकरं शाळेत घेत नाही तोवर तुमच्या शेतात गवत उगवेल म्हणून शेतमजुरांचा संप केला. रशियात क्रांती व्हायच्या आधीचा हा संप. केरळच्या लाल मातीचं गुणगान करणाऱ्यांना विचारा, ती माती पहिल्यांदा नांगरली कोणी? जातीविरुद्धच्या चळवळीने नांगरली. पेरायला पक्ष नंतर आला आणि पीक आपल्याच नावावर चढवून बसला.

नारायण गुरूंच्या वाऱ्यात वाढलेल्या घरातली ही पोरगी एर्नाकुलमला कॉलेजात गेली, वकील झाली. इझवा समाजातली ती पहिली कायद्याची पदवीधर बाई म्हणून ओळखली जाते. भाऊ सुकुमारन कामगार संघटनेत होते. १९४६ साली तिच्या गावापासून हाकेच्या अंतरावर पुन्नप्रा-वायलारचा उठाव झाला. काथ्याचे कामगार, शेतमजूर, मासेमार भाले घेऊन दिवाणाच्या फौजेसमोर उभे राहिले आणि गोळ्यांनी पडले. पडलेल्यांत बहुतेक अवर्ण. १९४८ साली गौरी पक्षात आल्या. त्याच साली निवडणूक लढवून हरल्या. मग अटक, तुरुंग, मारहाण. पोलिसांनी काय केलं ते त्यांनी पुढे एका वाक्यात सांगितलं. लाठ्यांना बीज असतं तर मी किती लाठीपोरं जन्माला घातली असती, अशा अर्थाचं ते वाक्य. सभ्य लोकांना ते अजून ऐकवत नाही. आपल्या आयाबायांना मात्र ते समजावून सांगावं लागणार नाही.

१९५२ आणि १९५४ ला त्या त्रावणकोर-कोचीनच्या विधानसभेत निवडून आल्या. ५ एप्रिल १९५७ ला केरळात नंबुद्रीपादांचं सरकार शपथ घेतं झालं आणि गौरी महसूलमंत्री झाल्या. आठवडा उलटायच्या आत सरकारने वटहुकूम काढला. कुणाही कुळाला, कुणाही झोपडीवाल्याला जमिनीवरून हुसकायचं नाही. त्या काळी जेन्मी, म्हंजे तिथला जमीनदार, मनात आलं की झोपडी उखडायचा. सरकारी कागदाने त्याचा हात पहिल्यांदा धरला. मग महसूलखात्याने शेतजमिनीचं विधेयक आणलं आणि जून १९५९ मध्ये ते विधानसभेत मंजूर झालं.

आणि मग खरी जात बाहेर पडली.

चर्च, नायर सर्व्हिस सोसायटी, काँग्रेस, सगळे मिळून रस्त्यावर आले. त्याला नाव दिलं ‘विमोचन समरम’, मुक्तीचा लढा. कोणाची मुक्ती? शाळांचे मालक आणि जमिनीचे मालक यांची. त्या मोर्च्यांतल्या घोषणा ऐका. त्याच सरकारात पी. के. चात्तन नावाचे पुलया जातीतले मंत्री होते. त्यांच्यासाठी घोषणा होती, चात्तनला नांगर धरायला पाठवा आणि राज्य चाक्कोला करू द्या. पी. टी. चाक्को हे काँग्रेसचे सीरियन ख्रिश्चन पुढारी. आणि गौरीसाठी? ही तर इझव्यांची पोर, हिने गवत कापायला जावं. बाईची जात काढली, तिचं काम काढलं आणि तिचं खातं काढलं, एकाच दमात. देव वेगळे, देवळं वेगळी, पण पुलयाने नांगर आणि इझवणीने विळा सोडू नये यावर ख्रिश्चन जमीनदाराचं नि नायर जमीनदाराचं एकमत! ३१ जुलै १९५९ ला नेहरूंच्या दिल्लीने सरकार बरखास्त केलं.

आता गंमत बघा. ज्यांच्या मंत्र्यांना जातीवरून शिव्या बसल्या, त्या पक्षाने या लढ्याचा अर्थ काय लावला? प्रतिगामी शक्ती, सरंजामी हितसंबंध, साम्राज्यवादी पैसा. यातलं काहीच खोटं नाही. पण घोषणा देणारा ज्या शब्दात बोलत होता तो शब्द यांच्या तोंडी येईना. शत्रू जात बोलतोय आणि आपण वर्ग लिहून घेतोय. आपल्या मुंबईत हेच झालं होतं. गिरणीतल्या साळखात्यात अस्पृश्याला काम नव्हतं, कारण धागा तोंडाने ओला करावा लागायचा आणि आपल्या थुंकीचा विटाळ. पगार जास्त त्याच खात्यात. बाबासाहेबांनी हा सवाल कम्युनिस्टांच्या तोंडावर टाकला. कामगारांची एकी फुटेल, असलं कारण पुढे करून तो बाजूला सारला गेला. फुटलेलीच होती एकी! फक्त ती फूट कोणाला दिसावी लागत होती एवढंच.

आता कायद्यावर येऊ. कागद कंटाळवाणा वाटेल, पण आपली माणसं नेहमी कागदावरच गाडली जातात.

१९५९ चं विधेयक दिल्लीत आणि कोर्टात अडकलं. बदललं, पातळ झालं. १९६४ ला पक्ष फुटला. गौरी मार्क्सवादी पक्षात गेल्या. नवरा टी. व्ही. थॉमस, तेही १९५७ चे मंत्री, जुन्या पक्षात राहिले. पक्ष फुटला आणि घरही फुटलं. १९६७ ला गौरी पुन्हा महसूलमंत्री झाल्या आणि १९६९ च्या ऑक्टोबरात दुरुस्तीचा कायदा पास झाला. १ जानेवारी १९७० पासून केरळातली जेन्मी पद्धत संपली. खंडावर जमीन कसणारं कूळ मालक झालं. हे छोटं काम नाही. अख्ख्या देशात जमीनदार आपल्या पोटच्या पोरांच्या, कुत्र्यामांजरांच्या नावावर जमिनी दडवत होते, तेव्हा या एका राज्यात कुळांचा खंड कायमचा बंद झाला. या कामात गौरीअम्मांचा वाटा कोणीही पुसू शकत नाही, आणि आपण तर पुसूच नये.

पण कूळ कोण होतं? नायर होते, ख्रिश्चन होते, मापिळा मुसलमान होते, इझवा होते. पुलया आणि परया? ते कुळाच्या शेतात राबणारे गडी. खंडाची पावती त्यांच्याकडे नव्हती, कारण त्यांना कधी कोणी खंडाने जमीन दिलीच नव्हती. मघाची पायरी आठवा. कायदा जेन्मीकडून निघाला, एक पायरी उतरला, कुळापाशी थांबला. शेवटच्या पायरीवरच्या माणसाला काय मिळालं? त्याची झोपडी. झोपडीवाल्याला मल्याळीत कुडिकिडप्पुकारन म्हणतात. त्याला झोपडीभोवतीची जागा घेण्याचा हक्क मिळाला. खेड्यात दहा सेंट, नगरपालिकेत पाच, महापालिकेत तीन. शंभर सेंटांचा एक एकर. म्हंजे आपल्या हिशेबात खेड्यात चार गुंठे, नगरपालिकेत दोन आणि शहरात सव्वा गुंठासुद्धा पुरा नाही.

तेही सरळ हातात पडलं नाही. १९७० च्या जानेवारीपासून झोपडीवाल्यांनी स्वतः कुंपणं घातली. मार खाल्ला, तुरुंगात गेले, तेव्हा कायदा जमिनीवर उतरला. त्या चार गुंठ्यांत एक माड, एक फणस, एक न्हाणी. कोणी हाकलणार नाही याची खात्री मिळाली, ही मोठी गोष्ट. पण चार गुंठ्यांत भात पिकत नाही. उद्या मजुरीला जायचं ते त्याच नव्या मालकाच्या बांधावर. वरचा जेन्मी गेला आणि बांधावर कालचं कूळ उभं राहिलं.

वर एक मोठी पळवाट. चहा, रबर, कॉफी, वेलदोडे यांचे मळे कमाल जमिनीच्या कायद्यातून वगळले. हजारो एकर गोऱ्यांच्या कंपन्यांनी लावलेले, पुढे देशी मालकांच्या हातात गेलेले. भाताच्या खाचराला मोजपट्टी आणि रबराच्या डोंगराला सलाम.

कॉम्रेड म्हणतील, अहो, हा इतिहासाचा टप्पा होता, आधी सरंजामशाही मोडायची होती. आणि घटनेची चौकट, दिल्लीचं सरकार, कोर्ट, हे सगळं आडवं होतं. मान्य. दिल्ली आडवी होती, ते मी वरच लिहिलंय. पण ज्याच्यासाठी क्रांती, तो शेवटच्या टप्प्यात, आणि शेवटचा टप्पा कधी येतच नाही, हे टप्प्याचं गणित आम्हाला नवं नाही. शिवाय हे आधी कोणाला दिसलंच नव्हतं असंही नाही. बाबासाहेबांनी १९४७ सालीच ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये मांडून ठेवलं होतं. कूळकायदा किंवा तुकडेजोड यांनी सहा कोटी अस्पृश्यांचं काही भलं होणार नाही, कारण ते कूळ नाहीतच, नुसते भूमिहीन मजूर आहेत. म्हणून जमीन सरकारच्या मालकीची करा आणि गावाने मिळून कसा, जातपात न बघता. जमीनदार नको, कूळ नको, भूमिहीन मजूरही नको. केरळचं पहिलं विधेयक यायच्या दहा वर्षं आधीची ही मांडणी. लाल झेंडेवाल्यांपेक्षा जास्त लाल. ज्यांना आम्ही ‘घटनावादी’, ‘भांडवलदारांचा माणूस’ अशा शिव्या ऐकल्या, त्याने शेवटची पायरी आधी मोजली होती.

हे नुसतं केरळचं दुखणं नाही. तारीख बघा. १ एप्रिल १९५७ ला मुंबई राज्यात ‘कृषक दिन’ झाला, त्या दिवसापासून कूळ मालक मानलं गेलं. गौरीअम्मांनी शपथ घेतली चार दिवसांनी. इकडे काँग्रेस, तिकडे कम्युनिस्ट, पण शेवटची पायरी दोन्हीकडे कोरडी. मुंबईच्या कूळकायद्यात ‘जातीने कसणे’ याचा अर्थ काय लिहिला होता ठाऊक आहे? स्वतःच्या अंगमेहनतीने, नाहीतर घरच्यांच्या मेहनतीने, नाहीतर स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून. म्हंजे बांधावर छत्री घेऊन उभा राहणारा कसणारा, आणि चिखलात वाकलेली आपली माय मजूर. ‘कसेल त्याची जमीन’ या घोषणेतला ‘त्याची’ कोण हे ठरवायला लेखणी कोणाच्या हातात होती, हे यावरून कळतं. म्हणून दादासाहेब गायकवाडांना १९५९ ला आणि पुन्हा १९६४-६५ ला भूमिहीनांचा सत्याग्रह करावा लागला. हजारोंनी माणसं तुरुंगात गेली. कूळकायद्याने पोट भरलं असतं तर ती काय हौस म्हणून गेली होती?

केरळात पुढे काय झालं? १९७४ ला शेतमजुरांचा कायदा झाला, मजुरी वाढली, युनियन बळकट झाली. हे खरं आणि चांगलं. पण जमिनीच्या जागी पुलया-परयांच्या वाट्याला आल्या कॉलन्या. एकाला एक चिकटलेली घरं, मधली भिंत सामाईक. मयत पुरायला जागा नाही म्हणून स्वयंपाकघराची जमीन उकरली, अशा बातम्या त्या साक्षर राज्यातून आल्या आहेत. ‘कॉलनी’ हा शब्दच शिवीसारखा वापरला जाऊ लागला, इतका की २०२४ च्या जूनमध्ये मंत्री के. राधाकृष्णन यांनी खुर्ची सोडता सोडता तो शब्द सरकारी कागदावरून काढायचा हुकूम दिला. शब्द बदलला. सेंट तेवढेच राहिले.

म्हणून २००७ साली पत्तनंतिट्टा जिल्ह्यात चेंगरा इथल्या हॅरिसन्स मल्याळमच्या रबराच्या मळ्यात हजारो दलित-आदिवासी कुटुंबं प्लास्टिकची पालं टाकून बसली. घर नको, शेतजमीन द्या, ही मागणी. सरकार कोणाचं? डाव्या आघाडीचं. आणि मळ्यातल्या कामगारांच्या युनियन, लाल झेंड्यासकट, या भूमिहीनांच्या विरोधात नाकेबंदीला उभ्या राहिल्या. मजूर विरुद्ध मजूर, आणि मालक सावलीत.

आता या फाईलमधली दोन पानं समोरासमोर ठेवतो. कारण आपण भक्त नाही.

पहिलं पान १९९६ चं. केरळात आदिवासींच्या हिसकावलेल्या जमिनी परत करायचा कायदा १९७५ ला झाला होता, एकमताने. अकरा वर्षं त्याचे नियमच केले नाहीत. नल्ला तंपी तेरा या डॉक्टरांनी हायकोर्टात दावा लावला, १९९३ ला कोर्टाने अंमल करा म्हणून बजावलं. तेव्हा १९९६ च्या सप्टेंबरात सगळ्या पक्षांनी मिळून दुरुस्ती आणली. जमिनी बळकावणाऱ्यांच्याच ताब्यात राहाव्यात अशी. डावे एक, काँग्रेसवाले एक, मल्याळी पक्षांची सगळी भांडणं त्या दिवशी मिटली. अख्ख्या विधानसभेत विरोधात मत दिलं एकट्या गौरीअम्मांनी. ज्या सभागृहात त्यांनी कूळकायदा आणला होता तिथे सत्याहत्तराव्या वर्षी ही बाई एकटी उभी राहिली. पुढे राष्ट्रपतींनीही त्या दुरुस्तीला संमती दिली नाही.

दुसरं पान २००३ चं. १९ फेब्रुवारीला वायनाडच्या मुत्तंगा जंगलात सी. के. जानू यांच्या नेतृत्वाखाली जमिनीसाठी बसलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. एक आदिवासी आणि एक पोलीस मेला. माणसांना हुडकून हुडकून मारलं. सरकार ए. के. अँटनींचं, काँग्रेस आघाडीचं. आणि त्या मंत्रिमंडळात कृषिमंत्री होत्या के. आर. गौरीअम्मा.

दोन्ही पानं एकाच बाईची. पहिलं लपवून दुसरं दाखवणारा खोटारडा, आणि दुसरं लपवून पहिलं दाखवणाराही. माणूस एकटा असतो तेव्हा सरळ उभा राहू शकतो, आणि खुर्चीच्या रांगेत बसला की त्याची पाठ रांगेसारखी वाकते. मग त्या तिथे का बसल्या होत्या? इथे दुसरा सवाल येतो.

१९८७ ची निवडणूक. डाव्या आघाडीने केरळभर हवा केली की माडांच्या या देशात आता गौरीचं राज्य येणार. गावोगाव घोषणा तीच. बायकांनी मतं दिली, इझव्यांनी दिली, ज्यांचं झोपडं तिच्या वटहुकमाने वाचलं होतं त्यांनी दिली. निकाल लागला, आघाडी जिंकली आणि पक्षाने मुख्यमंत्री केलं ई. के. नायनारांना. घोषणेत गौरी, खुर्चीत नायनार. गौरीअम्मांना उद्योगखातं दिलं आणि गप्प बसा म्हणाले. त्या गप्प बसणाऱ्यातल्या नव्हत्या. १९९४ च्या सुरुवातीला पक्षविरोधी वागणुकीचा ठपका ठेवून त्यांना काढलं. ४६ वर्षं पक्षात घालवलेली बाई, ७४ वर्षांची, एका ठरावाने बाहेर.

यावर आपल्यातले काही घाईने म्हणतात, बघा, खालच्या जातीची म्हणून डावललं. थांबा. अर्धवट सत्याने भांडण हरायला होतं. पुढे २००६ ला व्ही. एस. अच्युतानंदन मुख्यमंत्री झाले, २०१६ ला पिनरायी विजयन झाले, दोघंही इझवा, दोघंही त्याच पक्षाचे. म्हंजे इझवा पुरुषाला खुर्ची मिळाली. उशिरा का होईना, मिळाली. इझवा बाईला मिळाली नाही. गौरीअम्मा गेल्या त्या दिवसापर्यंत केरळात एकही बाई मुख्यमंत्री झाली नव्हती, आणि एकही पुलया-परया पुरुषही नाही. जात आणि बाईपण या दोन भिंती वेगवेगळ्या आहेत आणि एकमेकींना टेकून उभ्या आहेत. एकीला धक्का दिला की दुसरी सावरून धरते.

पक्षाच्या माथ्यावर बघा. मार्क्सवादी पक्ष १९६४ चा. त्याच्या पॉलिटब्युरोत पहिली बाई आली २००५ साली, बृंदा करात. पहिला दलित आला २०२२ साली, बंगालचे रामचंद्र डोम. अठ्ठावन्न वर्षं! वर्गाचं विश्लेषण करायला एवढी वर्षं पुरली आणि आपल्याच टेबलाभोवती कोण बसलंय हे बघायला तेवढीच लागली. याला अपघात म्हणत नाहीत.

बाहेर काढल्यावर गौरीअम्मांनी जनाधिपत्य संरक्षण समिती नावाचा पक्ष काढला आणि जाऊन बसल्या काँग्रेसच्या आघाडीत. ज्या काँग्रेसने १९५९ ला त्यांचं सरकार पाडलं, ज्या मोर्च्यांनी त्यांना गवत कापायला पाठवलं, त्यांच्या वारसांच्या पंगतीला. माणसाला घर नाकारलं की तो शत्रूच्या वळचणीला जातो, हे समजून घेता येतं. पण वळचणीला गेलं की वळचणीचं पाणी अंगावर येतंच. मुत्तंगाचं रक्त असं त्यांच्या पदरावर आलं. ही गोष्ट आपल्या रिपब्लिकन पुढाऱ्यांनी दोनदा वाचावी. ते तर कोणी हाकलायच्या आधीच वळचणीला जाऊन उभे असतात.

आणि आपण कॉम्रेडांना विचारतो तेच आपल्या घरात विचारा. १९४२ च्या जुलैत नागपूरला बाबासाहेबांच्या समोर अस्पृश्य बायकांची परिषद भरली, हजारो बायका आल्या. दादासाहेबांच्या बरोबरीने शांताबाई दाणी राबल्या, विधान परिषदेपर्यंत गेल्या. त्यानंतर रिपब्लिकन पक्षाचे किती गट झाले ते बोटांवर मोजता येत नाहीत. त्यातल्या किती गटांच्या अध्यक्षपदावर बाई बसली ते मात्र मोजा, बोटं शिल्लक राहतील. मोर्च्यात पुढे बायका, पोलिसांची काठी आधी बायकांवर, आणि स्टेजवर सगळे कोट-टायवाले. गौरीला नायनार मिळाला, आपल्या बायांना आपणच नायनार होऊन मिळालोय.

मग डाव्यांबरोबर जायचं की नाही? पँथर याच सवालावर १९७४ ला फुटली, मार्क्स की बुद्ध म्हणून. तेव्हापासून प्रत्येक पिढी ते भांडण शिळ्या भाकरीसारखं पुन्हा पुन्हा तव्यावर टाकते. बाबासाहेबांना असल्या सोवळ्याची गरज नव्हती. १९३७ ला त्यांनी खोतीविरुद्ध विधेयक आणलं, जानेवारी १९३८ ला कोकणच्या कुळांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, नोव्हेंबर १९३८ ला कामगारांच्या संपात कम्युनिस्टांच्या खांद्याला खांदा लावला. आणि तरीही साळखात्याचा सवाल सोडला नाही. हात मिळवताना त्यांनी जीभ गहाण टाकली नाही.

आपणही तसंच करायचं. लाल झेंडेवाला एकीचा हात पुढे करेल तेव्हा हात झटकायचा नाही आणि गळ्यातही पडायचं नाही. दोन सवाल विचारायचे. तुमच्या जमिनीच्या मागणीत कसणारा म्हंजे कोण, बांधावरचा की चिखलातला? आणि लढा जिंकला तर खुर्चीवर कोण बसणार, ते आज, लढ्याच्या आधी, कागदावर लिहून द्या. उत्तर आलं तर कॉम्रेड आपला. ‘टप्प्याटप्प्याने बघू’ असं आलं तर आपण आपल्या वाटेने.

आणि सवाल विचारण्याआधी स्वतःचं काम. आपापल्या गावच्या तलाठ्याकडे जा. गायरान किती, त्यावर आपली किती घरं, किती जणांच्या नावाची नोंद झाली, काढा. कमाल जमिनीच्या कायद्यात निघालेली जादा जमीन कोणाला वाटली आणि आज ती कोण पेरतंय, काढा. वतनाची जमीन कोणी लिहून घेतली, काढा. सरकारने २००४ साली दादासाहेबांच्याच नावाने योजना काढली, भूमिहीन दलिताला चार एकर जिराईत किंवा दोन एकर बागाईत. तुमच्या तालुक्यात ती किती जणांना मिळाली, यादी मागा. ही यादी करायला गावातल्या मजूर बायकांना बसवा. कोणत्या बांधावर कोण राबतं हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नाही. आणि यादी झाली की कलेक्टरपुढे ती वाचायला त्यांच्यातल्याच एकीला उभं करा. तिथे आपला पुढारी माईक ओढायला पुढे आला तर त्याचा हात धरा.

गौरीअम्मांनी शपथ घेतल्यावर पहिल्या आठवड्यात झोपडी उखडणाऱ्याचा हात धरला होता. तो कागद त्यांचा मोठेपणा आहे. चार गुंठ्यांच्या कुंपणापाशी तो कागद थांबला, तिथून पुढे लिहायचं काम बाकी आहे. ते कोणत्या पॉलिटब्युरोकडून होईल याची वाट बघत बसू नका.

जय भीम.